खानदेश भिल्ल एजन्सी

खानदेश भिल्ल एजन्सी ही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने इ.स. १८२५ मध्ये खानदेशातील भिल्ल समाजावर देखरेख ठेवण्यासाठी उभारलेली प्रशासकीय व्यवस्था होय. तिच्यात तीन एजंटांची कार्यक्षेत्रे आणि भिल्लांतूनच भरती केलेली एक सशस्त्र तुकडी यांचा समावेश होता. ही तुकडी भिल्ल कोअर किंवा भिल्ल पलटण या नावाने ओळखली जाते. माफी, जमीन, तगाई, नाईकांना नेमणुका आणि त्यांच्या जोडीला नोंदवह्या व बंदुका असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. ब्रिटिश इतिहासकारांनी तिची गणना कंपनीच्या यशस्वी प्रयोगांत केली आहे. तथापि १८५७ मध्ये खानदेश व नाशिक-नगर भागात झालेल्या भिल्ल उठावांचे दोन प्रमुख नेते, भागोजी नाईक आणि खाजा नाईक, हे दोघेही पूर्वी सरकारच्याच पोलीस बंदोबस्तात नोकरीस होते, ही गोष्ट त्या यशाचा विचार करताना दुर्लक्षून चालत नाही.

पार्श्वभूमी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्री आणि मध्ये तापीचे सुपीक खोरे अशी खानदेशाची रचना आहे. डोंगराळ पट्ट्यात भिल्लांच्या वस्त्या होत्या आणि मैदानातील अनेक गावांतही भिल्ल राहत असत. गावचा जागल्या हा पुष्कळदा भिल्लच असे. चोरीचा माग काढणे, तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवणे आणि माग लागला नाही तर नुकसानीची जबाबदारी घेणे हे त्याचे काम. त्याबद्दल त्याला गावाकडून धान्याचा व जमिनीचा हक्क मिळत असे. डोंगरातील नाईक घाटांची रखवाली करीत आणि वाटसरूंकडून व व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडून ठरावीक रक्कम घेत. काही नाईकांना गावांकडूनही वार्षिक देणे मिळे. या देण्याला नाईक आपला हक्क समजत. पुढे कंपनीच्या कागदपत्रांत त्याच देण्याची नोंद खंडणी किंवा लूट अशी झालेली दिसते. शब्दांतील हा फरक नुसता भाषेचा नाही, कारण पुढील सगळ्या संघर्षाचे मूळ त्यात सापडते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही घडी विस्कटली. मराठा सरदारांमधील यादवी, होळकरांच्या फौजांची धूळधाण, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि त्यावर १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांमुळे खानदेशातील गावेच्या गावे ओस पडली. गावच नाही तर जागल्याचा हक्क कोठून मिळणार? मैदानातील पुष्कळ भिल्ल डोंगरात गेले आणि टोळ्या करून राहू लागले. पेशवाईच्या अंमलदारांनी त्यांच्याविरुद्ध अतिशय कठोर उपाय योजले. बाळाजी लक्ष्मण या अंमलदाराने सलोख्याची बोलणी करण्याच्या मिषाने भिल्लांना कोपरगावी एकत्र आणले आणि त्यांची सरसकट कत्तल करविली. धरणगाव, चाळीसगाव व अंतूरचा किल्ला या ठिकाणीही अशाच प्रकारे विश्वासघाताने भिल्ल मारले गेल्याच्या नोंदी आहेत. सरकारने एकत्र बोलावले तर जाऊ नये, हा धडा भिल्लांनी त्या वर्षांत घेतला आणि तो पुढे बराच काळ ते विसरले नाहीत.

कंपनीचा अंमल (१८१८ ते १८२५)

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याची तेथे पोलिटिकल एजंट म्हणून नेमणूक झाली. त्याच्या पुढे आलेल्या अंदाजानुसार प्रदेशात सुमारे ५० बलाढ्य नाईक असून ५,००० हून अधिक लोक त्यांच्या आज्ञेत होते. बाजीराव पेशव्यांचा पदच्युत कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याने पूर्वी भिल्लांशी संधान बांधलेले होते. त्यामुळे डोंगरातील प्रत्येक हालचालीमागे पेशवाईच्या पुनःस्थापनेचा कट असावा, असा संशय कंपनीच्या अधिकाऱ्यांना येत असे.

सुरुवातीचा उपाय लष्करी होता. डोंगराच्या पायथ्याशी ठाणी बसवून मैदानातून वर जाणारे धान्य तोडणे, टोळ्यांचा पाठलाग करणे आणि पकडलेल्या म्होरक्यांना जरब बसेल अशी शिक्षा देणे, असा तो क्रम होता. सातमाळ्यातील चील नाईकास फाशी देण्यात आले. शरण येणाऱ्यांना माफी आणि नेमणूक देऊ केली गेली, पण कोपरगावाची आठवण ताजी असल्याने थोडेच लोक पुढे आले. जे आले त्यांतलेही काही परत डोंगरात गेले. दुसरीकडे सातपुड्यातील हिवतापाने कंपनीचे सैनिक हैराण झाले. पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर जंगलात गेलेल्या तुकड्यांतील माणसे लढाईपेक्षा तापानेच अधिक खचत. एका नाईकाचा बंदोबस्त होतो न होतो तोच दुसऱ्या दरीत दुसरा उभा राही. ब्रिग्जनंतर आलेल्या रॉबर्टसनच्या काळातही परिस्थिती फारशी पालटली नाही.

१८२५ मध्ये बागलाणात झालेल्या उठावाने सरकारची भीती कोणत्या स्वरूपाची होती ते उघड केले. शेवराम नावाच्या एका सोनाराने सातारच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून भिल्लांना जमवले. उठावकऱ्यांनी बागलाणातील मुल्हेरच्या डोंगरी किल्ल्याचा आसरा घेतला. मालेगावच्या छावणीतून आलेल्या एका लहान तुकडीने किल्ला घेऊन हा उठाव मोडला. तिचा प्रमुख लेफ्टनंट जेम्स औट्रम हा त्या वेळी अवघा २२ वर्षांचा होता. पत्रे खोटी होती हे खरे, परंतु ती खरी मानून शेकडो माणसे निघाली, यातून गेलेल्या राज्याचे नाव लोकांच्या मनात अजून किती वजनाचे आहे हे सरकारला कळून चुकले.

तीन एजन्सी

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याच वर्षी धोरण बदलले. खानदेशाचे तीन भाग करून प्रत्येकावर एक भिल्ल एजंट नेमण्यात आला. दक्षिण भागाचे ठाणे सातमाळ्याच्या माथ्यावर कन्नड येथे होते व तेथे ओव्हन्स हा एजंट होता. वायव्य भाग रिग्बीकडे होता आणि त्याचे ठाणे तापीकाठच्या कुकरमुंडा येथे होते. पूर्वेकडील भागात धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम औट्रमकडे सोपविण्यात आले.

एजंटाकडे अनेक कामे एकत्र दिलेली होती. भिल्लांना डोंगरातून खाली आणून वसाहतींत बसवणे, त्यांना पडीक जमीन देणे, बैल, औत व बियाण्यासाठी तगाई देणे, नाईकांच्या जुन्या हक्कांची चौकशी करून ते ठरवून देणे आणि किरकोळ तंट्यांचा निवाडा करणे, ही त्याची एक बाजू. प्रत्येक नाईक, त्याचे अनुयायी आणि त्यांना मिळणाऱ्या नेमणुका यांची नोंदवही ठेवणे, गुन्ह्याचा संशय येताच माणूस पकडणे आणि त्याला शिक्षा देणे किंवा न्यायालयाकडे पाठवणे, ही दुसरी. शेतीला हात देणारा आणि बेडी घालणारा अधिकारी एकच होता. कन्नडच्या एजन्सीत शेतीच्या वसाहतींचा प्रयोग विशेष वाढला. मागील गुन्ह्यांना सरसकट माफी दिल्यामुळे खाली येणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढली. डोंगरातील नाईकांना घाटाच्या रखवालीबद्दल सरकारी नेमणूक मिळू लागली आणि वाटसरूंकडून परस्पर घेतल्या जाणाऱ्या रकमा बंद करण्यात आल्या.

या नेमणुकीने नाईकाचे उत्पन्न बहुधा टिकले, पण त्याचा अर्थ बदलला. पूर्वी घाट त्याचा होता म्हणून त्याला पैसे मिळत. आता सरकारची मर्जी आहे तोवर ते मिळणार होते आणि मर्जी फिरली की थांबणार होते. १८५७ पर्यंत या बदलाचे परिणाम फारसे जाणवले नाहीत.

भिल्ल पलटण

भिल्लांची पलटण उभारण्याची कल्पना अनेकांना वेडेपणाची वाटली. ज्यांची भीती आहे त्यांच्याच हाती सरकारने बंदुका द्यायच्या होत्या. शिवाय भिल्लांना शिस्त लागणार नाही, असा सर्वसाधारण समज होता. औट्रमने प्रथम काही टोळ्यांवर हल्ले करून कैदी मिळवले. त्या कैद्यांपैकी काहींना सोडून त्यांच्यामार्फत त्याने नाईकांशी संपर्क साधला. तो एकटाच, पहाऱ्याशिवाय, त्यांच्या जंगलात जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर शिकार केली, दारू पाजली. वाघाच्या शिकारीत त्याने दाखवलेल्या धाडसाचा लौकिक त्याला या कामी फार उपयोगी पडला. तरीही प्रारंभी बोटांवर मोजण्याइतकेच लोक त्याच्याबरोबर आले.

अडचण शौर्याची नव्हती, विश्वासाची होती. आपल्याला एका ठिकाणी जमवून कापून काढण्याचा हा डाव आहे, ही अफवा भरती झालेल्यांत वरचेवर उठत असे. कोपरगावाला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि पलटणीचे ठाणे असलेले धरणगाव स्वतःच अशा कत्तलीच्या आठवणीचे गाव होते. भरती झालेली माणसे मालेगावच्या छावणीत नेली तेव्हा नियमित पलटणीतील उच्चवर्णीय शिपाई आपल्याला कसे वागवतील, अशी शंका त्यांच्या मनात होती. औट्रमच्या मूळ रेजिमेंटमधील शिपायांनी त्यांना बरोबरीने बसवून पानसुपारी दिली. या छोट्या प्रसंगाने जे साधले ते अनेक जाहीरनाम्यांनी साधले नव्हते, असे खुद्द औट्रमच्या चरित्रकाराचे मत आहे.

थोड्याच वर्षांत ही तुकडी काही शेकड्यांची झाली. तिजोरी आणि तुरुंग यांचे पहारे तिच्याकडे आले व नियमित सैन्याच्या तुकड्या खानदेशातून कमी करता आल्या. डोंगराच्या वाटा माहीत असलेली, तेथील हवेला सरावलेली आणि पगाराला स्वस्त अशी ही फौज कंपनीला सर्व बाजूंनी सोयीची होती. १८३० मध्ये डांगच्या राजांविरुद्धच्या मोहिमेत ती वापरली गेली. तेथील लोकही भिल्लच होते. १८३५ मध्ये औट्रम महीकांठ्याला गेला, त्यानंतरही पलटण कायम राहिली.

तिचा उपयोग पुढे केवळ भिल्लांपुरता राहिला नाही. १८५२ मध्ये जमीन मोजणी आणि नव्या आकारणीच्या भीतीने सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी मोठे मेळावे भरवून मोजणी बंद पाडली. हे मेळावे मोडून पुढाऱ्यांना पकडण्याच्या कामी भिल्ल पलटण आणण्यात आली. ज्या कुणबी गावांची राखण भिल्ल जागल्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आला होता, त्याच मुलखातील कुणब्यांसमोर आता भिल्ल शिपाई सरकारी बंदूक घेऊन उभा होता.

१८५७ चे उठाव

उत्तर हिंदुस्थानातील बातम्या पोचताच मुंबई सरकारने जनतेकडील शस्त्रे काढून घेण्याचे हुकूम दिले. या हुकमांचा पहिला मोठा परिणाम नाशिक-नगर भागात दिसला.

भागोजी नाईक हा अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होता. १८५५ मध्ये दंगा व पोलिसांच्या कामात अडथळा या आरोपांवरून त्याला शिक्षा झाली आणि सुटकेनंतर त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्यात आला. जामिनाची मुदत संपली, त्यानंतर थोड्याच दिवसांत निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला व भागोजी गाव सोडून निघाला. सुमारे ५० भिल्ल त्याला मिळाले आणि सिन्नर तालुक्यात पुणे-नाशिक रस्त्यावर नजर राहील अशा टेकडीवर त्यांनी ठाण मांडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री याने या ठिकाणावर हल्ला केला. या चकमकीत हेन्री मारला गेला आणि उठावाचा भडका नगर-नाशिकभर पसरला. राहुरीकडे दुसरी टोळी उभी राहिली. डिसेंबरात पेठ संस्थानात कोळ्यांचा उठाव झाला. भागोजीचा पाठलाग दोन वर्षे चालला. सरकारने या कामी कॅप्टन नटॉल याच्याकडून महादेव कोळ्यांची एक नवी पलटण उभारली. भिल्लांच्या पलटणीचा कित्ता तेथे जसाच्या तसा गिरवला गेला. अखेर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे फ्रँक सूटरच्या तुकडीने भागोजीला गाठले. त्या लढाईत भागोजी आणि त्याचे बहुतेक साथीदार मारले गेले.

सातपुड्यातील उठावाचे नेतृत्व खाजा नाईकाने केले. कागदपत्रांत त्याचे नाव काजरसिंग असेही येते. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची रखवाली त्याचा बाप गुमान नाईक याच्याकडे होती व त्याच्यामागून ती खाजाकडे आली. अनेक वर्षे हे काम त्याने सरकारच्या समाधानाप्रमाणे केले. पुढे एका संशयिताचा त्याच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, त्यावरून खाजाला तुरुंगवास झाला आणि घाटाची रखवाली गेली. शिक्षेची मुदत पुरी होण्याआधी त्याला सोडण्यात आले आणि १८५७ च्या धामधुमीत त्याच्या वजनाचा उपयोग होईल म्हणून पुन्हा त्याच घाटावर नेमण्यात आले. थोड्याच काळात तो भीमा नाईक आदी सातपुड्यातील नाईकांना मिळाला. आग्रा रस्त्याने जाणारा सुमारे ७ लाख रुपयांचा खजिना त्यांनी लुटला. ज्या घाटाची राखण करण्यासाठी सरकारने त्याला ठेवले होते तोच घाट आता सरकारला बंद झाला.

११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे ब्रिटिश फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांबरोबर मकराणी व अरब शिपाईही होते. उठावकऱ्यांचा पराभव झाला. पकडलेल्यांपैकी अनेकांना लष्करी न्यायालयासमोर उभे करून लागलीच गोळ्या घालण्यात आल्या आणि नाईकांच्या घरच्या स्त्रियांसह मोठ्या संख्येने स्त्रियांना कैद करण्यात आले. घरच्या बायका-मुलांना धरले की डोंगरातले पुरुष शरण येतील, हा त्यामागील हिशेब होता. खाजा नाईक तरीही हाती लागला नाही. १८६० मध्ये त्याच्या आश्रयाला राहिलेल्या एका मकराण्याने त्याचा घात केला. भीमा नाईक पुढे कित्येक वर्षांनी पकडला गेला व त्याची रवानगी अंदमानात झाली.

या संपूर्ण काळात भिल्ल पलटण सरकारशी एकनिष्ठ राहिली आणि सातपुड्यातील कारवायांत तिचा वापर झाला. त्यामुळे १८५७ च्या खानदेशी उठावाचे वर्णन केवळ ‘भिल्ल विरुद्ध इंग्रज’ असे करणे अपुरे ठरते. दोन्ही बाजूंना भिल्ल होते. पलटणीतला शिपाई महिन्याच्या महिन्याला पगार घेत होता, तर घाटावरच्या नाईकाचे मानाचे स्थान एका हुकमाने जाऊ शकत होते. कोण कोठे उभा राहिला याचा बराचसा उलगडा यातून होतो.

नंतरचा काळ

उठाव शमल्यावर नियंत्रणाचे साधन हळूहळू बदलले. एजंटाच्या व्यक्तिगत वजनाची जागा पोलीस, न्यायालय आणि वनखाते यांनी घेतली. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी सातपुड्यातील जंगल सरकारी राखीव क्षेत्र होऊ लागले. फिरती शेती, लाकूडतोड, चराई व मोहाची फुले यांवर नियम आले. अक्राणी परगणा आणि काठी, सिंगपूर आदी मेवासी संस्थाने खानदेशच्या कलेक्टरच्या राजकीय देखरेखीखाली राहिली. मैदानात, विशेषतः तळोदे व शहादे भागात, एजन्सीच्या काळात भिल्लांना मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन कर्जापायी सावकारांकडे व बड्या शेतकऱ्यांकडे गेली आणि तिचे पूर्वीचे मालक तिच्यावरच सालदार म्हणून राबू लागले. बंदुकीच्या धाकाने जे घडले नव्हते ते गहाणखताने घडले. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली शहाद्याला जे आदिवासी आंदोलन झाले, त्याच्या मागण्यांत गमावलेल्या जमिनी परत मिळवण्याची मागणी प्रमुख होती.

समांतर उदाहरणे

विदर्भात १८५८ मध्ये चांदा जिल्ह्यातील गोंड जमीनदारांनी उठाव केला. नागपूरचे राज्य खालसा होऊन तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती आणि वर्धा हा स्वतंत्र जिल्हा अजून व्हायचा होता. बाबूराव शेडमाके यांनी गोंड व रोहिल्यांची फौज उभारली. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून त्यांच्याकरवी बाबूरावांना पकडवले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. येथे पलटणीऐवजी शेजारच्या गोंड जमीनदारीचा उपयोग करण्यात आला, एवढाच फरक.

पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया हे बेट फ्रान्सने १८५३ मध्ये घेतले. तेथील मूळ रहिवासी कनाक यांच्या जमिनी वसाहतवाल्यांकडे गेल्या आणि त्यांच्या गुरांनी कनाकांच्या कंदांची शेते उद्‌ध्वस्त केली. १८७८ मध्ये अताई या प्रमुखाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. अताईला ठार मारणारे फ्रेंचांच्या बाजूने लढणारे दुसऱ्या टोळीचे कनाकच होते. नंतर १८८७ मध्ये तेथे मूळ रहिवाशांसाठी वेगळी दंडसंहिता लागू झाली. राखीव क्षेत्राबाहेर जाण्यावर बंधने, सक्तीची मजुरी आणि अधिकाऱ्याच्या हुकमाने शिक्षा अशी तिची कलमे होती व ती १९४६ पर्यंत चालली. खानदेशात भिल्लांना माफी आणि तगाई मिळाली, कनाकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. मात्र एका गटाच्या हाती शस्त्र देऊन दुसऱ्याला आवरण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आढळते.

साधने व त्यांच्या मर्यादा

या विषयाची बहुतेक माहिती एजंटांच्या अहवालांतून, १८४३ मध्ये कॅप्टन ग्रॅहम याने लिहिलेल्या भिल्लांवरील वृत्तान्तातून, औट्रमच्या चरित्रातून आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधून मिळते. ग्रॅहम हा स्वतः कन्नडच्या एजन्सीत काम केलेला अधिकारी होता. त्यामुळे एजन्सीच्या यशाची नोंद ज्यांनी केली त्यांतील काही जण तिचे चालकही होते. या लेखनात नाईकांसाठी ‘लुटारू’ व ‘दरोडेखोर’ हे शब्द सर्रास येतात आणि ते पुढे अनेक मराठी ग्रंथांत तसेच उतरले. त्याच नाईकाला नेमणूक मिळाली की पुढच्या पानावर तो ‘घाटाचा रखवालदार’ होतो, हे गॅझेटियर वाचताना सहज लक्षात येते. भिल्लांच्या बाजूची माणसे या कागदांत बहुधा जबानी देताना, जामीन लिहून देताना किंवा शिक्षा ऐकतानाच भेटतात.